खणावरचं हाताळा, काचेतलं बघा: एका लहान संग्रहालयातल्या कौटुंबिक खेळांचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, जुन्या चौसोपी वाड्यात, एक संग्रहालय आहे. गावाचं, संस्थेचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. संग्रह एका गृहस्थांनी आयुष्यभर जमवलेला: अडकित्ते, दिवे, कुलपं, धान्याची मापं, सोनाराचे काटे, फणेरपेट्या, सोंगट्यांचे पट आणि सगळ्यात आतल्या दालनात काही पैठण्या आणि शेले. जातकुळी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची, आकार मात्र अगदी लहान. केळकरांनी आपला संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाकडे सोपवला. इथल्या गृहस्थांनी ट्रस्ट केला, त्यामुळे तिकिटांचे पैसे आणि देणग्या यांवरच कारभार चालतो. एक अभिरक्षक (क्युरेटर), तिकिटाच्या खिडकीवर एक काका, झाडलोट आणि देखरेखीला एक मावशी, एवढीच पगारी माणसं.

गाव एका देवस्थानाच्या वाटेवर आहे. रविवारी आणि सुट्टीत दर्शन करून परतणारी कुटुंबं इथे थांबतात. बहुतेक वेळा तीन पिढ्या एकाच गाडीत असतात. शाळांच्या सहली हिवाळ्यात येतात, पण या प्रकरणाचा त्यांच्याशी संबंध नाही, आणि तो नाही हे ठरवण्यातही बराच वेळ गेला. विश्वस्तांना एकाच खर्चात सहल आणि कुटुंब असं दोन्ही साधायचं होतं. सहलीतली मुलं एका वयाची आणि एका शिक्षकाच्या धाकात असतात. कुटुंबात आजी सत्तरीची, नातू सहाचा आणि दोघांमध्ये फोनवर असलेले वडील. एकच खेळ दोघांना पुरेल ही अपेक्षा पहिल्या बैठकीतच सोडावी लागली.

मी या कामात बाहेरून, खेळांची रचना करून देण्यासाठी होते.

अडचण नेमकी कोणाची

विश्वस्तांनी अडचण अशी मांडली: "मुलं कंटाळतात, दहा मिनिटांत बाहेर पडतात. त्यांच्यासाठी काहीतरी करा."

काही रविवार दालनात नुसतं बसून पाहिल्यावर चित्र थोडं वेगळं दिसलं. मुलं कंटाळत होतीच. 'हात लावू नको' हे वाक्य दालनात सर्वांत जास्त वेळा ऐकू येत होतं, आणि ते देखरेखीच्या मावशींपेक्षा आईवडीलच जास्त म्हणत होते. वडील पाटी मोठ्याने वाचायचे, 'माप. पितळ. एकोणिसावे शतक', आणि वाचून होईपर्यंत मूल पुढच्या दालनात. पण खरी गंमत बाहेर होती. घरातली आजी, क्वचित आजोबा, तिकीट काढूनही आत फारसे फिरत नव्हते. पहिल्या दालनातून एक फेरी मारून ते ओसरीवरच्या ओट्यावर येऊन बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "आमच्या घरी होतंच की हे सगळं. त्यात काय बघायचं?"

म्हणजे ज्या माणसाला काचेतल्या वस्तूबद्दल सर्वांत जास्त माहिती, तेच माणूस बाहेर. आणि आत राहिलेल्यांना पाटीपलीकडे काही ठाऊक नाही. आमच्या दृष्टीने अडचण ही होती. मुलांचा कंटाळा हा तिचा परिणाम.

हे विश्वस्तांना पटवणं सोपं गेलं नाही. एका विश्वस्तांचं म्हणणं होतं की हात लावून शिकणं हे विज्ञान केंद्रांचं काम. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात ते १९८५ पासून चालू आहे, तिथे यंत्रं असतात, इथे वारसा आहे. मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. पण मुंबईच्याच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९ साली मुलांसाठी वेगळं संग्रहालय उघडलं, तेव्हा वारशाच्या वस्तू आणि मुलांचे हात यांचं वाकडंच असतं असं म्हणायला फारशी जागा उरली नव्हती. शेवटी पटलं ते मात्र वेगळ्याच कारणाने. त्यांच्या स्वतःच्या आई त्या रविवारी आल्या होत्या आणि त्याही ओट्यावरच बसून होत्या.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय टचस्क्रीनचा. एका पुरवठादाराने दरपत्रकही दिलं होतं: पडद्यावर वस्तू फिरवून बघायची, प्रश्नाचं उत्तर द्यायचं, शाबासकी मिळवायची. दिसायला देखणं, आणि देणगीदाराचं नाव लावायला सोयीचं. अडचणी तीन. गावात वीज जाते. वार्षिक देखभालीचा खर्च तिकिटांतून निघत नाही. आणि पडद्यापाशी एका वेळी एकच बोट चालतं. बाकीचं कुटुंब मागे उभं राहून बघतं.

दुसरा पर्याय प्रश्नपत्रिकेचा: 'दालन दोनमध्ये किती दिवे आहेत?' छापायला स्वस्त. एका शाळेच्या मुलांबरोबर करून पाहिलं, तर मुलं पाट्यांवरून उत्तरं उतरवत धावत होती, वस्तूकडे कोणी बघत नव्हतं. रविवारच्या सहलीत मुलाच्या हाती गृहपाठ देणं मला मुळातच पटत नाही, हेही इथे सांगून टाकते.

तिसरा पर्याय हाताळायच्या साध्या खेळांचा. या बाबतीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया आणि कॅम्डेन इथल्या चार संस्थांनी १९९० च्या दशकात मिळून केलेलं काम उपयोगी पडलं. त्या चारांत एक विज्ञान संग्रहालय, एक निसर्ग-इतिहास संग्रहालय, एक मत्स्यालय आणि एक प्राणिसंग्रहालय होतं. कुटुंबं कुठे थांबतात आणि एकमेकांशी बोलतात याचा अभ्यास करून त्यांनी काही गुण मांडले: मांडणीभोवती चहूबाजूंनी उभं राहता यावं, एकाच वेळी अनेक हात चालावेत, लहान-मोठ्या दोघांनाही जमावं, उत्तर एकच नसावं, मजकूर थोडक्यात आणि चटकन वाचता येईल असा असावा, विषय घरच्या अनुभवाशी जोडलेला असावा. वाड्याची ओसरी आणि एक बैठं मेज एवढ्यात हे सगळं बसत होतं.

त्यात आम्ही आमची एक कसोटी घातली, आणि पुढे प्रत्येक वादात तीच कामी आली: खेळ संपल्यावर कुटुंब काचेपाशी जातं का? जात नसेल तर खेळ कितीही रंगो, तो जत्रेत शोभेल, संग्रहालयात नाही.

मापांचा खेळ

सर्वांत जास्त वेळ, वाद आणि समाधान या एका खेळाने दिलं.

जुन्या अंकलिपीत कोष्टक असायचं: २ निळवी म्हणजे १ कोळवं, २ कोळवी म्हणजे १ चिपटं, २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, २ शेर म्हणजे १ अधोली, २ अधोल्या म्हणजे १ पायली. दर पायरीला दुप्पट. निळव्यापासून पायलीपर्यंत ६४ पट. मुलाला दुपटीचं गणित हाताने कळावं यासाठी याहून सोपी सामग्री शोधूनही सापडणार नाही, आणि ती काचेत आयती होतीच.

पहिला निर्णय: किती मापं ठेवायची? संपूर्ण शिडी मोहात पाडणारी होती. पण चार शेरांची पायली ज्वारीने भरली की सहा वर्षांच्या मुलाला उचलवत नाही, आणि निळवं इतकं छोटं की मोजतामोजता कंटाळा येतो. म्हणून कोळवं, चिपटं, मापटं आणि शेर ही चारच मापं घेतली. पायली काचेतच राहिली, आणि तिच्याकडे बोट दाखवणारा प्रश्न खेळाच्या पत्त्यावर, म्हणजे मेजावरच्या छापील कार्डावर, आला: 'तुमच्या हातातले किती शेर त्या पायलीत मावतील? आधी पैज लावा, मग आत जाऊन बघा.' या एका पत्त्याने जितकी कुटुंबं आत पाठवली, तितकी दुसऱ्या कशानेही नाही.

दुसरा निर्णय जास्त अवघड होता. नमुने बनवण्यासाठी मूळ मापांचं आकारमान घेतलं. सरळ बाजूंच्या मापांचा व्यास आणि खोली मोजून हिशोब केला. कमरेत बारीक असलेल्या शेराच्या आत पातळ पिशवी घालून बारीक मणी भरले, म्हणजे धातूला काही लागू नये. निघालं असं की काचेतली मापं एकमेकांच्या दुप्पट नाहीतच! शेर दोन मापट्यांहून मोठा होता, आणि एक चिपटं भलतंच लहान. कारण साधं: ती वेगवेगळ्या गावांतून आलेली होती, आणि मापं बाजारागणिक बदलत. १९५६ च्या वजन-माप कायद्यानंतर मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली, त्यामागे ही भानगडही होती.

मग नमुने कसे करायचे? अभिरक्षकांचा आग्रह मूळ मापांची हुबेहूब नक्कल करण्याचा होता, कारण संग्रहालयाने खोटं सांगू नये. माझं म्हणणं, दुपटीचा खेळ दुप्पट न होणाऱ्या मापांनी चालणार नाही. मूल आपणच चुकलो असं समजेल. दोघांचंही खरं होतं. शेवटी खेळातली मापं बरोबर दुपटीची केली. सोयीसाठी शेर एक लिटरचा धरला, म्हणजे कोळवं १२५ मिलिलिटर, आणि प्रत्येक माप पाण्याने तपासून घेतलं. मोठ्या मुलांच्या पत्त्यावर मात्र स्पष्ट लिहिलं: 'काचेतली मापं अशी जुळत नाहीत. का, ते ओळखा.' अभिरक्षकांची अट पाळली गेली आणि आम्हाला एक चांगला प्रश्न फुकटात मिळाला.

मापं गावातल्या पत्र्याच्या कामाच्या कारागिराकडून करून घेतली. त्याने काठ आत तार घालून दुमडले, बोट कापण्याची भीती राहिली नाही.

तिसरा निर्णय: मोजायचं काय? आणि इथे खेळ जवळजवळ मोडला होता.

सरळ उत्तर धान्य. पण संवर्धनाच्या सल्लागार बाईंनी ऐकताक्षणी नकार दिला. धान्याला कीड, धान्यामागे उंदीर, आणि उंदीर एकदा वाड्यात आला की त्याला ज्वारी आणि पैठणी यांत फरक कळत नाही. चिंचोके सुचले, त्यांनाही भुंगा लागतो. वाळूची धूळ दालनभर होते. एका विश्वस्तांनी मोठ्या हौसेने गुंजा सुचवल्या. सोनाराचा काटा शेजारीच मांडलेला आहे आणि ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा हे कोष्टक त्यांना तोंडपाठ. कल्पना सुरेख, पण गुंजेचं बी चावून पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. लहान मुलं येतात त्या जागी गुंज ठेवायची नाही, हे त्या बैठकीत ठरलं आणि त्यावर पुन्हा चर्चा झाली नाही.

म्हणून प्लास्टिकचे मणी आणले. मुलं खेळली. पण ओट्यावरची आजी जागची हलली नाही. मणी मापाला चिकटत, सांडले की घरंगळत, आणि ओतताना धान्याचा तो आवाज येत नाही. एका आजोबांनी मूठभर मणी घेऊन बघितले आणि परत ठेवले: "हे काय मापायचं?" शिवाय तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती असा मणी देणं धोक्याचंच.

म्हणून सल्लागार बाईंकडे पुन्हा गेलो, या वेळी होकार मागायला नाही तर अटी विचारायला. अटी मिळाल्या. खेळ फक्त बाहेरच्या ओसरीवर, आतल्या चौकटीच्या पलीकडे धान्याचा दाणा जाणार नाही. फक्त शनिवार-रविवार. ज्वारी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, संध्याकाळी डबा वाड्याबाहेरच्या खोलीत. खेळानंतर लगेच झाडायचं. ओसरी आणि दालन यांच्यामध्ये किड्यांसाठी चिकट सापळे, आणि त्यांची दर महिन्याला नोंद. पावसाळ्यात खेळ बंद. मावशींनी आपणहून डब्यात कडुलिंबाचा पाला घातला. त्याचा चुरा मापात येऊ लागला तेव्हा तो काढला.

ज्वारी आली आणि आज्या उठल्या. पहिल्याच दिवशी एका आजीने नातवाच्या हातातून मापटं घेतलं, भरलं, आणि पहिलं माप ओतताना 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणाल्या, मग 'दोन', 'तीन'. नातवाने विचारलं, एक का नाही? खळ्यावर रास मोजतानाची ती रीत होती. पाटीवर ती कुठेच नव्हती, अभिरक्षकांनाही ती तिथे लिहावी असं कधी सुचलं नव्हतं.

मग शीग, म्हणजे मापाच्या काठावर चढणारी दाण्यांची रास. आम्ही माप काठोकाठ सपाट भरायचं धरलं होतं. घरोघरच्या आजोबांनी ते मोडीत काढलं. माप शिगेने भरायचं की सपाट, यावर ओसरीवर चांगले वाद रंगू लागले. "घेताना व्यापारी शिगेने घ्यायचा, देताना सपाट द्यायचा," हे वेगवेगळ्या घरच्या आजोबांनी, थोड्याफार फरकाने, पुन्हा पुन्हा सांगितलं. आम्ही नियम दुरुस्त केला नाही, उलट एक सपाट लाकडी पट्टी आणि एक नवा पत्ता घातला: 'एकाने व्यापारी व्हा, एकाने शेतकरी. चार मापटी शिगेने घ्या आणि सपाट करून परत द्या. कोणाच्या पदरात काय उरलं?' रचनाकाराच्या वहीत नसलेली ही गोष्ट या खेळातला सर्वांत चांगला भाग ठरली, हे नमूद केलंच पाहिजे.

ओट्यावरची नवकंकरी

ज्या ओट्यावर लोक बसत, त्याच्याच दगडावर एकात एक तीन चौकोन कोरलेले होते. नवकंकरीचा पट. पूर्वी कधीतरी पहाऱ्यावरच्या माणसांनी वेळ घालवायला कोरला असावा. महाराष्ट्रात लेण्यांच्या पायऱ्यांवर आणि घाटवाटांवर असे पट सापडतात, पण इथे त्याला पाटीच नव्हती. एवढी वर्षं तो संग्रहालयाचा भाग म्हणून कोणी मोजलाच नाही.

खेळ दोघांचा. २४ घरं, प्रत्येकाला ९ खडे, तीन एका रेषेत आणले की समोरच्याचा एक उचलायचा. प्रश्न होता: मूळ कोरीव पटावर खेळू द्यायचं का? बसाल्ट कठीण असतो, वर्षानुवर्षं लोक त्यावर बसतच होते, मग खड्यांनी काय बिघडणार, असा एक पक्ष. खडे घासून रेषा हळूहळू बोथट होतील आणि मुलं त्या खडूने गिरवतील, असा दुसरा. दुसरा पक्ष जिंकला, आणि ते बरं झालं: पहिल्याच सुट्टीत कोणीतरी रेषा खडूने गिरवल्या. मूळ पटाभोवती बुटकं लाकडी कठडं बसवलं, त्याला लागून जाड कापडावर शिवलेला पट अंथरला. खडे अंगणातले. हरवले तरी कोणाचं काही जात नाही, म्हणून ते मोजायची, जपायचीही गरज नाही.

संपूर्ण डाव नवशिक्यांना लांबतो आणि दर्शनाहून निघालेल्यांना घरी पोहोचायचं असतं. म्हणून पटाच्या मागच्या बाजूला एकच चौकोन आणि तीन-तीन खड्यांचा छोटा डाव शिवून घेतला. लहान मुलं तो खेळतात. मोठा डाव किशोरवयीन मुलांनी आपलासा केला. फोन खिशात ठेवून बसलेली पंधरा वर्षांची मुलं आम्ही इथेच पाहिली. मात्र आमच्या कसोटीवर हा खेळ अर्धाच उतरतो. कोरलेला पट शेजारीच असल्याने लोक तो बघतात, पण आतल्या दालनातल्या सोंगट्यांच्या पटापर्यंत क्वचितच जातात.

जमलं नाही ते

कुलपांचा खेळ सोडून द्यावा लागला. संग्रहातली गुप्त कळीची कुलपं हा मुलांचा आवडता कप्पा, म्हणून त्यांच्या नकला करायची फार इच्छा होती. लोहाराने केलेले नमुने जड झाले, लाकडी नमुने आठवड्यात खिळखिळे झाले, आणि उघडलं की संपलं; दुसऱ्यांदा खेळण्यात काही राहत नाही.

हात घालून वस्तू ओळखायची पेटीही पहिल्या रूपात फसली. काळोख्या भोकात हात घालायला लहान मुलं घाबरत होती आणि बाकीचे रांगेत उभे. पेटीच्या जागी कापडी पिशव्या आल्यावर चार जणांच्या हाती चार वस्तू एकदम जाऊ लागल्या: रवी, सोऱ्या, झारा, फणी. अडकित्ता नको, विळी तर नकोच. इथे अभिरक्षकांनी एक रेषा ठामपणे आखली: नोंदवहीत क्रमांक पडलेली वस्तू हाताळायला मिळणार नाही, मग तिच्या चार प्रती असोत. सगळ्या वस्तू बाजारातून नव्या घेतल्या. माझ्या मते तो हट्ट योग्य होता. एकदा 'ही चालेल' म्हटलं की पुढच्या वर्षी कोणती चालेल हे ठरवणारं माणूस बदललेलं असतं.

हात लावायचा कुठे

खेळ सुरू होताच एक नवा त्रास उभा राहिला, आणि तो अपेक्षितच होता. ओसरीवर हात लावायला मिळालेली मुलं आत जाऊन काचांवर थापा मारू लागली, उघड्यावर ठेवलेल्या जात्याचा खुंटा फिरवू लागली. 'हात लावू नये'च्या पाट्या वाढवा, अशी सूचना आली. त्याऐवजी जे हाताळायचं ते सगळं खणाच्या कापडावर मांडलं. मेजावर खण, पिशव्या खणाच्या, नवकंकरीच्या पटाला खणाची किनार. तिकिटाबरोबर काका एकच वाक्य सांगतात: "खणावरचं हाताळा, काचेतलं बघा." खण घराघरात ओळखीचा, त्यामुळे पाटी वाचता न येणाऱ्या मुलालाही नियम कळतो. जुन्या 'हात लावू नये' पाट्यांपैकी निम्म्या काढूनही टाकता आल्या.

खेळ चालवणारी माणसं

आराखड्यात सुरुवातीला महाविद्यालयीन स्वयंसेवक होते. ते उत्साहाने आले, परीक्षा जवळ आल्यावर गेले, आणि दोन रविवार मेजावर कोणीच नव्हतं. त्या काळात मावशी झाडता झाडता मध्ये पडू लागल्या. त्यांनी माहेरी चिपट्या-मापट्याने दाणे मोजलेले होते. स्वयंसेवक खेळाचे नियम सांगत, मावशी काहीच सांगत नसत, मूल चुकीचं भरायला लागलं की नुसतं म्हणत, "आजीला विचार की." एवढ्यावर आजी उठे.

यातून निर्णय झाला की खेळाचं मेज मावशींकडे. पण झाडलोटीच्या पगारात हे काम ढकलायचं नाही, यावर अभिरक्षकांनी विश्वस्तांशी भांडण केलं. शनिवार-रविवारचं वेगळं मानधन आणि त्या दोन दिवसांसाठी झाडलोटीला दुसरी व्यवस्था, असं ठरलं. सगळ्या प्रकल्पात आवर्ती खर्च हाच काय तो मोठा आहे. पत्र्याची मापं, कापड, पिशव्या, पत्ते यांचा एकूण खर्च टचस्क्रीनच्या दरपत्रकाच्या आसपासही जात नाही.

निष्पत्ती

मोजमाप साधं ठेवलं. मावशी वहीत कुटुंबामागे एक उभी रेघ ओढतात. खेळून ते कुटुंब आत काचेपाशी गेलं तर तीवर आडवी. मापांच्या खेळानंतर बहुतेक रेघा ओलांडलेल्या असतात. पिशव्यांनंतर बऱ्याच. नवकंकरीनंतर थोड्या. किती वेळ थांबले यापेक्षा ही आडवी रेघ आम्हाला जास्त कामाची वाटली, कारण ओसरीवर सावली आहे आणि लोक नुसतेही थांबतात.

एक गोष्ट आमच्या हिशोबात नव्हती. आजी-आजोबांशिवाय आलेल्या जोडप्यांसमोर मापांचा खेळ थंड पडायचा. आईवडिलांनाच चिपटं ठाऊक नसतं. त्यासाठी एक पत्ता केला: 'घरी मोठ्या माणसाला फोन करा आणि विचारा, तुमच्याकडे दाणे कशाने मोजायचे?' ओसरीवरून व्हिडिओ कॉल होऊ लागले. कोकणातल्या आणि गोव्याकडच्या घरांतून कुडव आला, परप्रांतातून आलेल्या कुटुंबांकडून त्यांची त्यांची मापं आली. ती सगळी एका वहीत उतरवून घेतली जातात. वही मेजावरच असते आणि मुलं तीही वाचतात.

एका पावसाळ्यानंतर डब्यातल्या ज्वारीत सोंडे निघाले. सापळ्यांत मात्र दालनाच्या बाजूला काही सापडलं नाही, म्हणजे अटी उपयोगी पडल्या. ज्वारी फेकून नवी आणली. आता ती थोडीच, महिन्यापुरती घेतात.

वेगळं काय करता आलं असतं

मण्यांवर गेलेले आठवडे वाचवता आले असते. पत्र्याची मापं घडवण्याआधी घरातले डबे-वाट्या घेऊन चार कुटुंबांबरोबर ओसरीवर बसलो असतो, तर आज्यांना धान्यच लागतं हे पहिल्या दिवशी कळलं असतं. आणि सल्लागार बाईंना 'चालेल का' असं विचारण्याऐवजी 'कोणत्या अटींवर चालेल' हे सुरुवातीलाच विचारायला हवं होतं. दोन्ही प्रश्न सारखे दिसतात, उत्तरं वेगळी येतात.

मावशींना आराखड्याच्या बैठकीतच बोलवायला हवं होतं. त्या बैठकीत चहा त्यांनीच आणून दिला होता.

पत्त्यांवरची भाषा पहिल्या छपाईत पाठ्यपुस्तकी झाली होती. 'खालीलपैकी योग्य माप निवडा' असं वाचलं की मुलाचे खांदे पडतात. दुसऱ्या छपाईत ती बोलीच्या जवळ आणली, अक्षरं मोठी केली.

एक प्रश्न मात्र रचनेने सुटणारा नाही. शेर-पायली अधिकृत व्यवहारातून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच गेली. आज ओसरीवर जी आजी शीग धरते, तिने ती आईच्या हातात पाहिली आहे, बाजारात नव्हे. अजून वीस वर्षांनी येणाऱ्या आजीला लिटर आणि किलोच ठाऊक असतील, आणि मग हा खेळ मुलासारखाच तिलाही शिकवावा लागेल. आत्ताच्या आज्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावेत अशी सूचना आहे. विश्वस्तांनी त्यासाठी साधा रेकॉर्डर मंजूर केला आहे, पण परवानगीचा नमुना अजून तयार व्हायचा आहे.

दिवाळीनंतर सोनाराच्या काट्याचा खेळ सुरू करण्याचा विचार चालू आहे. गुंजांच्या जागी एकसारख्या वजनाचे, गिळता येणार नाहीत एवढे मोठे लाकडी ठोकळे असतील. ९६ ठोकळ्यांचा तोळा मुलांना फार लांबेल, म्हणून माशापर्यंतच थांबावं असं मला वाटतं. अभिरक्षकांना तोळा हवाच आहे.